अक्का, तो दिवस बांध फोडण्याचा होता

अक्का,

तुझ्या तेराव्याला खाडीवर जाणाऱ्या सगळ्या बायका आल्या होत्या. जेवणं उरकल्यावर शेजारची इंदू हात पुसत माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, पेपरात चार ओळी द्या अक्काच्या. तुम्हाला लिवता येतं." मी हो म्हटलं. नंतर कागद घेऊन बसले आणि 'खाडीची जाणकार' एवढं लिहिलं. पुढं पेन हलेना. कारण खरी पुढची ओळ अशी होती, की ही जाणकार बाई चारचौघांत खरं बोलत होती तेव्हा तिची शिकलेली धाकटी जाऊ शेजारी बसून खोटं बोलली. असलं काही पेपरात छापत नाहीत. म्हणून हे तुलाच लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं, हेही माझ्या सोयीचंच आहे म्हण. तुझ्या वाचता न येण्याचा फायदा मी याआधीही घेतला होता. त्यावर येतेच.

मी देवरुखच्या वरच्या अंगाची. लग्न होऊन या घरात आले तेव्हा खाडी म्हणजे पुलावरून दिसणारं पाणी, एवढंच मला ठाऊक. थोरले दीर बोटीवर, वर्षाचे नऊ महिने परदेशात, यांची नोकरी रत्नागिरीत, घर तुझ्यावर. मी तुला 'अहो अक्का' म्हणायचे. तिसऱ्या का चौथ्या महिन्यात हट्टानं तुझ्यामागून मुळे, म्हणजे चिखलातले शिंपले, काढायला आले आणि मांडीपर्यंत चिखलात रुतले. घाबरून 'अक्का, हात दे' असं तोंडातून गेलं. तू हात दिलास, मला उपसून काढलंस आणि म्हणालीस, "आता तसंच म्हण. अहो-जाहो चिखलात चालत नाय." त्या दिवसापासून तू मला 'तू' झालीस.

कॉलेजात मी वनस्पतीशास्त्र शिकवायला लागले ते तुझ्या जिवावर. सकाळची सातची एसटी गाठायची तर मुलीचं दूध, डबा, वेणी सगळं तुझ्याकडं. पुढं पीएचडीचं मनात आलं तेव्हा हे म्हणाले, "आता कशाला?" तू म्हणालीस, "करू दे की. पोर माझ्याकडंच असते." विषयही तूच दिलास, नकळत. आपल्या खाजणातली झाडं. जिथं भरतीचं पाणी दिवसातून दोनदा येऊन जातं त्या चिखलातलं रान.

मला पुस्तकातली लॅटिन नावं येत होती, झाडं ओळखता येत नव्हती. तू एकेक पान खुडून हातावर ठेवायचीस. तिवराचं पान जिभेला लावायला लावलंस, ते खारट लागलं. कांदळाची लांब शेंग दाखवून म्हणालीस, "हिचं बी झाडावरच रुजतं. आईनं पोर कडेवर वाढवावं आणि मग खाली सोडावं, तसं." चिखलातून वर आलेली बोटाएवढी मुळं मी तुडवत चालले होते तर ओरडलीस नाहीस, फक्त माझं मनगट धरलंस. "ही तिवराची नाकं हायत गो. पाणी उतरलं की झाड यातनं श्वास घेतं. नाक बुडून राहिलं तर माणूस जगेल काय?" मी ते घरी येऊन इंग्रजीत लिहिलं. दोन वर्षं तू सांगत होतीस आणि मी इंग्रजीत लिहीत होते.

प्रबंध बांधून आला त्या दिवशी तू पदराला हात पुसून तो मांडीवर घेतलास. तुला सही येत होती. वाचता येत नव्हतं, पण आपल्या नावाचा आकार तू ओळखायचीस. पानं उलटत म्हणालीस, "यात माझं नाव कुठाय?" मी मार्गदर्शकांचे आभार मानले होते, ग्रंथपालांचे, यांचे. तू होतीस ती दोन शब्दांत: 'स्थानिक माहितगार'. मी म्हटलं, "अक्का, इंग्रजीत आहे ना सगळं." तू पुस्तक मिटलंस. "बरं. असेन कुठंतरी," म्हणालीस आणि ते देवळीत गणपतीच्या आरतीच्या पुस्तकाशेजारी ठेवलंस. मला वाटलं, सुटले. किती लहान गोष्टीपासून माणसाला सुटायची सवय लागते.

मग मी कॉलेजात तो दिवस सुरू केला. सव्वीस जुलैला जगभर कांदळवनांचा दिवस पाळतात, आपणही पाळू या, असं मीच प्राचार्यांना सुचवलं. पहिल्या वर्षी वर्गातली मुलं आणि मी, एवढीच होतो. दुसऱ्या वर्षी बॅनर आला. तिसऱ्या वर्षी टोप्या आल्या, पाहुणे आले, पेपरात फोटो आला. टोप्या, रोपं आणि नाश्ता द्यायचे ते खाडीच्या वळणावरच्या कोळंबीच्या तळ्याचे मालक. कॉलेजच्या समितीवरही तेच. बोलायला गोड माणूस. मला नेहमी 'डॉक्टर मॅडम' म्हणायचे.

त्यांच्या तळ्याचा बांध तुला पहिल्यापासून खुपत होता. वळणावरच्या खाजणात त्यांनी मातीचा बांध घातला आणि त्याच्या मागं तिवरांचं जुनं रान कोंडलं गेलं. भरती आत जाईना, पावसाचं पाणी बाहेर येईना. पहिल्याच पावसाळ्यानंतर तू घरी येऊन म्हणालीस, "त्यांची नाकं बुडालीत." मी पेपर तपासत होते. "बघू या," म्हटलं.

रोपं आम्ही लावायचो ती मात्र भलतीकडंच. पुलाजवळच्या उघड्या चिखलाच्या पट्ट्यात, जिथं तुम्ही बायका मुळे काढायचात. तू एकदा कडेला उभी राहून सगळं पाहिलंस आणि मुलं गेल्यावर मला म्हणालीस, "इथं झाड कधीच नव्हतं गो. यायचं असतं तर आपलं आपण आलं असतं. शेंगा इथूनच वाहत जातात, एक थांबत नाय. का थांबत नाय ते बघ की." मी हसत म्हटलं, "अक्का, फोटोला मोकळी जागा लागते." तू हसली नाहीस. गणपतीपर्यंत बहुतेक रोपं वाहून गेली. जी राहिली त्यांच्या काठ्यांतून वाट काढत तुम्ही मुळे काढत राहिलात. पुढच्या वर्षी आम्ही परत तिथंच लावली.

पडवीतली ती दुपार मला सारखी आठवते. बाहेर पाऊस होता. तू उकडलेले मुळे सोडवत बसली होतीस आणि मी दुसऱ्या दिवशीचं भाषण लिहीत होते. तू विचारलंस, "हा दिवस काढला कुणी? सरकारनं?"

मी सांगायला लागले. म्हटलं, खूप लांब, समुद्रापलीकडं, इक्वाडोर नावाचा देश आहे. तिथंही अशीच खाजणं. लोकांनी कोळंबीच्या तळ्यांसाठी ती तोडली. गावच्या बायका शिंपल्या, खेकडे काढून पोट भरायच्या, त्यांचं सगळं गेलं. मग एका सव्वीस जुलैला लोक जमले, बेकायदा तळ्याचा बांध फोडला, पाणी आत घेतलं आणि तिथं पुन्हा रोपं लावली. त्यांना साथ द्यायला दुसऱ्या एका लांबच्या बेटावरचा माणूस आला होता. तो त्या दिवशी तिथंच हृदयाच्या झटक्यानं गेला. त्याच्या आठवणीत लोक दर वर्षी तो दिवस पाळायला लागले, आणि पुढं सगळ्या जगानं तो मान्य केला.

तू हातातला शिंपला खाली ठेवलास. "कोळंबीचं तळं?"

"हो."

"आधी झाडं लावली की आधी बांध फोडला?"

"आधी बांध."

तू पुन्हा मुळे सोडवायला घेतलेस. दोन-तीन शिंपले झाल्यावर, मान वर न करता विचारलंस, "तुझ्या भाषणात बांध येतो काय?"

येत नव्हता. माझ्या भाषणात 'पर्यावरणासाठी एका माणसानं प्राण वेचले' एवढंच असायचं. कुठं, कशासाठी, कुणाविरुद्ध, त्यातलं काही नाही. पहिल्या रांगेत तळ्याचे मालक बसलेले असायचे. मी तुला म्हटलं, "अक्का, मुलं लहान आहेत. त्यांना एवढं खोलात कशाला?" मुलं कॉलेजातली होती. तू म्हणालीस, "मग त्या माणसाला बोलवता कशाला दर वर्षी? गेलेल्या माणसाला निम्माच बोलवायचा नसतो." मी वही उचलून आत गेले. आपलं भांडण ते तेवढंच, आणि ते तिथंच राहिलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्याआधी तुम्ही बायकांनी अर्ज दिला. बांधामुळं तिवरं मरतात, बांध काढा. अर्ज कुणी लिहून दिला हे तू मला सांगितलं नाहीस. मला विचारलंही नाहीस, माझी अडचण व्हायला नको म्हणून. हे मला फार उशिरा कळलं.

शिमग्याच्या जरा आधी एक साहेब पाहणीला आले. मालकांनी बांधावर मांडव घालून खुर्च्या मांडल्या होत्या. मला निरोप आला, तुम्ही या विषयातल्या, तुम्ही या. मी गेले. मालकांनी स्वतः उठून मला खुर्ची दिली, सरबत दिलं. समोर उन्हात तुम्ही नऊ-दहा बायका उभ्या होतात. मी बसले. अक्का, तुला उभी पाहून मी बसले.

तू बोललीस. अडखळली नाहीस. झाडांची नाकं सांगितलीस, पाणी कुठून यायचं आणि कुठं तुंबतं ते बोटानं दाखवलंस, वाळलेली खोडं दाखवलीस. साहेब नीट ऐकत होते. मग म्हणाले, "पण बाई, हे बांधामुळंच झालं हे कशावरून?" तेव्हा तू माझ्याकडं वळलीस. तुझ्या चेहऱ्यावर अभिमान होता, खरंच होता. म्हणालीस, "तिला विचारा साहेब. ती माझी जाऊ. तिनं यावर पुस्तक लिवलंय."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मला कुणी धमकावलं नव्हतं. कुणी काही देऊ केलं नव्हतं. नोकरी जाणार नव्हती. फार तर समितीत कुणाचं तोंड वाकडं झालं असतं, पुढच्या वर्षी टोप्या आल्या नसत्या. एवढंच होतं पलीकडं. मी म्हटलं, "झाडं वाळण्यामागं अनेक नैसर्गिक कारणं असू शकतात. सखोल अभ्यासाशिवाय काही सांगता येणार नाही." साहेबांनी ते लिहून घेतलं. मी खाली सही केली, डॉक्टर लावून, आणि तुमचा अर्ज तिथंच मिटला.

तुला सगळं वाक्य कळलं नसेल. पण माझा आवाज कळला. तू डोक्यावरचा पदर सारखा केलास आणि बायकांना म्हणालीस, "चला, सुकती लागली. पाणी उतरतंय."

संध्याकाळी तू मला ताट वाढलंस. "दुपारपासनं उपाशी असशील," म्हणालीस. बस. मी वाट पाहत होते की तू काहीतरी बोलशील, आपटशील, चार दिवस अबोला धरशील. तू तसलं काही केलं नाहीस. डबाही तसाच भरून देत राहिलीस, उन्हाळ्यात कोकमाचं सार बाटलीत घालून. एकच फरक पडला. आधी मी घरी आले की विचारायचीस, आज मुलांना काय शिकवलंस? ते तू पुन्हा कधी विचारलं नाहीस. मला वाटायचं, विसरली असेल. असं वाटून घेणं बरं पडायचं.

एकदा दिवाळीच्या सुमारास स्वयंपाकघरात आपण दोघीच होतो. मी धीर करून म्हटलं, "अक्का, त्या दिवशी बांधावर मी..." तू म्हणालीस, "भात बघ, उतू जातोय." भात खरंच उतू जात होता. मी गॅस कमी केला, ओटा पुसला आणि विषय सोडून दिला. भात उतरवून झाल्यावर ते वाक्य पुरं करायला मला कुणी अडवलं होतं? तू तिथंच उभी होतीस, खोबरं किसत. मला वाटतं, तू थोडी थांबलीही होतीस.

मग या आषाढात तुला धाप लागायला लागली. रत्नागिरीला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. दुसऱ्या दिवशी दुपारी तुझ्याजवळ मी एकटी होते. खिडकीबाहेर पाऊस धरून होता. तू डोळे उघडलेस आणि हळूच म्हणालीस, "वळणावरची राहिलेली तिवरं पण पिवळी पडलीत गो. परवा बघून आले." मी काय म्हटलं ठाऊक आहे? म्हटलं, "तू बोलू नको, दम लागतो." चादर नीट केली, पाणी पाजलं. तू माझ्याकडं बघत राहिलीस आणि मग भिंतीकडं कुशीवर वळलीस. रात्री तुझ्याजवळ हे थांबले, आणि पहाटे यांचा फोन आला.

शेवटच्या दिवशीही मी तुला गप्पच केलं.

कॉलेजातून निरोप आला तो तुझं तेरावं झाल्यावर. यंदाच्या दिवसाचं प्रमुख भाषण माझंच. मी नाही म्हणणार होते, मग गेले. सभागृह भरलं होतं. मालक पहिल्या रांगेत होते. मी त्या दिवसाची गोष्ट सांगितली, तुला पडवीत सांगितली तशीच, काही न गाळता. कोळंबीचं तळं सांगितलं, शिंपल्या काढणाऱ्या बायका सांगितल्या, आधी बांध फोडला हे सांगितलं. म्हटलं, हा दिवस रोपं लावायचा आहे, पण पाण्याची वाट मोकळी केल्यानंतर. आपण इतकी वर्षं पहिलं काम सोडून दुसरं करत आलो, तेही चुकीच्या जागी, आणि याची जबाबदारी माझी आहे. मागं बसलेली एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, मग आपल्या खाडीत असा बांध आहे का?" मी म्हटलं, "आहे." नाव घेतलं नाही, गरज नव्हती. सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेकडं वळल्या.

कार्यक्रमानंतर प्राचार्य मला बाजूला घेऊन शांतपणे म्हणाले, "मॅडम, विषय पर्यावरणाचा होता."

त्याच्या दुसऱ्या दिवशी, तुम्ही अर्ज दिला होतात त्या कचेरीत मी गेले. इंदू आणि आणखी दोघी माझ्याबरोबर आल्या. मी त्यांना बोलावलं नव्हतं. सभागृहात त्यांची मुलं होती, त्यांच्याकडून कळलं असावं. त्या बाहेर बाकावर बसल्या. आतल्या कारकुनानं फाइल शोधून काढली, माझी सही दाखवली. मी म्हटलं, हे मत मला मागं घ्यायचंय. बांधामुळंच झाडं मेली, आणि अजून मरतायत, असं लेखी द्यायचंय.

भला माणूस होता. त्यानं चष्मा काढला आणि आवाज उतरवून म्हणाला, "मॅडम, असं लिहू या का, की तेव्हा माहिती अपुरी होती, आता अधिक अभ्यासानंतर मत बदललं? तसं लिहिलं की तुमच्यावर काही येत नाही."

अक्का, मी लगेच नाही म्हटलं नाही. हेही तुला सांगायला हवं. ते वाक्य मी चांगली दोन-तीन मिनिटं मनात घोळवत राहिले. किती ओळखीचं होतं ते. माझंच वाटत होतं. मग म्हटलं, "नको. माहिती पुरेशी होती असं लिहा."

"म्हणजे तेव्हा ठाऊक असूनही?"

"हो. ठाऊक असूनही."

त्यानं तसं लिहिलं. मी सही केली. तो म्हणाला, पुन्हा पाहणी लागेल, कधी ते सांगता येत नाही, आणि तुम्हालाही विचारणा होईल. मी म्हटलं, होऊ दे.

बाहेर आले तर इंदूनं विचारलं, "झालं?" मी म्हटलं, लिहून दिलं. ती बाकावरून उठली. मग रागावून नाही, साधंच म्हणाली, "तेव्हाच दिलं असतंत तर ती झाडं तरी वाचली असती. आणि अक्काला ऐकायला मिळालं असतं."

मी "हो" म्हटलं. तू असताना एका वाक्याचं काम होतं, आणि तेव्हा ते बोलायला थोडं तरी धाडस लागलं असतं. आता तू नाहीस. आता मी कितीही खरं बोलले तरी ते तुझ्या पाठीमागंच.

पाऊस उघडला होता. आम्ही एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो. गाडीत त्या तिघी पुढच्या बाकावर बसल्या, दाटीवाटीनं, आणि मी मागं एकटी. वाटेत त्या बाजाराचं, पोरांचं बोलत होत्या. उतरताना मी छत्री विसरत होते, ती इंदूनं आठवणीनं हातात दिली. कुणी मला टोचून बोललं नाही. 'जाऊ दे मॅडम, झालं ते झालं,' असंही कुणी म्हटलं नाही. मी सबंध रस्ताभर त्या वाक्याची वाट बघत होते, आणि त्यांनी ते मला दिलं नाही, हे बरोबरच केलं.